सोमवार छातीचा, मंगळवार पाठीचा

शरीराला वार कधीपासून चिकटले, हा प्रश्न गेले काही दिवस डोक्यात घोळतो आहे. कुठल्याही जिममध्ये जा, भिंतीवर एक तक्ता दिसतो. सोमवार छातीचा, मंगळवार पाठीचा, बुधवार पायांचा, गुरुवार खांद्यांचा... सोमवार शंकराचा आणि शनिवार मारुतीचा, त्याच चालीवर!

आमचं बेसा म्हणजे नागपूरच्या दक्षिणेला लागून असलेलं एकेकाळचं गाव. शेतांचे ले-आउट झाले, ले-आउटवर फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया अशा सगळ्या दिशांनी माणसं येऊन राहिली, आणि त्यांच्या मागोमाग जिम आल्या. जिमसोबत हे तक्तेही आले. माझ्या धाकट्या बहिणीनं आणि एक-दोन ब्लॉगवाल्या मैत्रिणींनी मला सांगितलं, "तू एवढं वाचतेस, तर ताकद वाढेल आणि तब्येतही ठणठणीत राहील असा आठवड्याचा एक आराखडा करून दे." आराखडा केला आहे. तो खाली शेवटी आहे, घाई असेल त्यांनी सरळ तिकडे उडी मारावी :) पण तो करायला बसले आणि इतिहासात शिरले. तिथे जे सापडलं त्यामुळे आराखडा बराच बदलला, म्हणून आधी इतिहास.

*

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांमध्ये व्यायामाला वार नाहीत. ऋतू आहेत, आणि एक माप आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात हे माप येतं: बलवान आणि तुपातेलाचं खाणाऱ्या माणसानं थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनं व्यायाम करावा, बाकीच्या ऋतूंत त्याहूनही कमी. म्हणजे कमकुवत माणसाची गोष्टच सोडा, पैलवानालासुद्धा अर्धीच शक्ती! अर्धी कशी ओळखायची याची खूण सुश्रुतानं दिली आहे. श्वास तोंडावाटे येऊ लागला की समजावं, अर्धं बळ खर्ची पडलं. कपाळावर, नाकावर, काखेत घाम येणं आणि तोंडाला कोरड पडणं या खुणाही परंपरेनं त्याला जोडल्या. हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ नव्हतं तेव्हाची ही सोय, आणि आजही बिनखर्चाची.

अति व्यायाम करणाऱ्यासाठी वाग्भटानं एक उपमा दिली आहे. सिंह हत्तीला मारतो खरा, पण त्याला ओढत न्यायला जातो आणि त्यातच संपतो, तसा हा माणूस. जानेवारीच्या एक तारखेला जिममध्ये नाव घालणाऱ्यांनी ही उपमा मनात ठेवावी.

ऋतूंचा भाग तर नागपूरकराला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सकाळी सातला चालायला निघालेला माणूससुद्धा परत येताना सावली शोधत येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही आमची मेहनतीची वेळ. मुंबई-पुण्याकडचा किंवा अमेरिकेतला तयार तक्ता इथे बारा महिने एकसारखा चालवायला गेलं की तो एप्रिलमध्ये मोडतो, आणि माणसाला वाटतं आपणच आळशी.

*

पुढचा मुक्काम बाराव्या शतकातला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. कल्याणी म्हणजे आताचं कर्नाटकातलं बसवकल्याण. ११३० च्या सुमारास त्याच्या नावावर 'मानसोल्लास' नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ तयार झाला. राजानं काय खावं इथपासून हत्ती कसे पकडावेत इथपर्यंत सगळं त्यात आहे. त्यातल्या मल्लविनोद या भागात मल्लांची मेहनत वेगवेगळ्या 'श्रमां'त वाटलेली आहे. भारश्रम म्हणजे वजनाचा, भ्रमणश्रम म्हणजे चालण्याचा, सलिलश्रम म्हणजे पाण्यातला, बाहुपेल्लणकश्रम म्हणजे हातांचा, आणि स्तंभश्रम म्हणजे खांबावरचा. शेवटच्या या श्रमात आपल्या मल्लखांबाचं मूळ शोधतात.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा थबकले. वजन, चाल, पोहणं, हात, खांब. ताकद आणि दम या दोन्हींचा समतोल साधणारी ही वाटणी आजच्या एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाच्या वहीत शोभली असती.

पण याच ग्रंथात आणखी एक उल्लेख आहे, आणि मराठी साहित्याच्या इतिहासात तो नेहमी सांगितला जातो. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, असं सोमेश्वर सांगतो. ओवीचा हा फार जुना दाखला म्हणून अभ्यासकांना त्याचं मोल. मला मात्र त्यात मुसळ दिसलं. मुसळ डोक्यावर उचलायचं, खाली आपटायचं, पुन्हा उचलायचं, श्वास ओवीच्या लयीत ठेवायचा, आणि हे रोज. भारश्रम म्हणतात तो दुसरा काय असतो? एकाच ग्रंथात पुरुषाचं वजन उचलणं मल्लविद्येत गेलं आणि बाईचं वजन उचलणं गाण्यात गेलं. बाईच्या ताकदीची नोंद ताकद म्हणून कुणी केलीच नाही. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

*

आता तालमीकडे. आमच्याकडे विदर्भात आखाडा म्हणतात, देशावर तालीम. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा जीव दिला, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं ते १९१२ साली. नागपुरात महालातल्या चिटणीस पार्कातल्या कुस्त्या पाहिलेली माणसं आमच्या नात्यातच आहेत.

आखाड्यात काय असायचं? तांबडी माती, एक मल्लखांब, मुद्गलाच्या जोड्या, उचलायला दगडी गोटे आणि नाल, कोपऱ्यात शेंदूर लावलेला मारुती, आणि वस्ताद. वस्तादाजवळ तक्ता नव्हता. कारण जागा हाच तक्ता होता. पहाटे उठून तिथे जायचं हे ठरलेलं. माती उकरायची, म्हणजे अंग तापलंच. मग जोर, बैठका, मग जोड्या, मग लढत, मग मालिश. कालचा पोरगा आज किती जोर मारेल हे वस्तादाच्या नजरेला कळायचं, आणि पोरगा आला नाही तर ते सगळ्यांनाच कळायचं. संध्याकाळी गल्लीत कुणीतरी विचारायचंच, "काऊन बे, आज दिसला नाहीस?"

हे चार खांब मला फार महत्त्वाचे वाटतात. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, मोजून देणारी नजर, आणि गैरहजेरी लक्षात घेणारी माणसं. व्यायाम कुठला, हा प्रश्न त्यानंतरचा.

तालमीची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर नुसतंच जुनं ते सोनं होईल. सांगोवांगीत जोर-बैठकांचे आकडे हजारांत असायचे आणि अर्ध्या बळाचा नियम पहिल्यांदा आखाड्यातच मोडायचा. कुस्ती सुटल्यावर खुराक मात्र सुटत नसे, मग चाळिशीत पैलवानाचं पोट सुटे. आणि बायकांना तिथे जागाच नव्हती. लहानग्या मनकर्णिकेच्या, म्हणजे पुढच्या राणी लक्ष्मीबाईंच्या, मल्लखांबाची गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, त्यामागे ती अपवाद होती हेच कारण आहे.

*

मग शरीराला वार चिकटले कधी? त्याआधी आठवड्याला सुट्टीचा वार मिळावा लागतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो मिळाला १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या काही वर्षांच्या लढ्यानंतर. रविवार हा खंडोबाचा वार, हेही तेव्हा कारण म्हणून पुढे केलं गेलं. कामाचे सहा दिवस आणि सुट्टीचा एक, हा साचा कचेऱ्या, शाळा, गिरण्या असा हळूहळू सगळ्यांच्या अंगवळणी पडला. शेतकऱ्याचं वर्ष हंगामाचं असतं. पगारदाराचं वर्ष आठवड्यांचं झालं. आणि पगारदार माणूस आखाड्यापासून लांब राहायला गेला.

नेमक्या त्याच दशकात युजेन सँडो नावाचा जर्मन पैलवान इंग्लंडमध्ये गाजत होता. त्याचं ताकद कमावण्यावरचं पुस्तक १८९७ चं. त्यात वयानुसार कोष्टकं होती, इतकं वजन, इतक्या वेळा. सोबत विकायला डंबेल्स आणि स्प्रिंगची साधनं. वस्ताद नको, माती नको, सोबतीही नको. खोलीत एकट्यानं आरशासमोर उभं राहायचं आणि कोष्टक वाचायचं. माझ्या मते भिंतीवरच्या तक्त्याचे आजोबा हेच.

सँडोच्या नादी लागलेल्यांत आपल्या सातारकडचा एक राजा होता. औंधचे बाळासाहेब, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१). त्यांनी सँडोची साधनं मागवली आणि दहा वर्षं इमानेइतबारे व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, मुलींनासुद्धा. १९२८ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं.

बाळासाहेबांनी जुन्या साष्टांग नमस्काराला घराघरात नेता येईल असं रूप दिलं. एक सतरंजी मावेल एवढी जागा पुरे. पैसा नको, साधन नको, आखाडा नको. एकट्यानं करायचा व्यायाम, पण सँडोसारखा विकत घ्यायचा नाही. आणि पहिल्यांदाच 'घरातल्या बाईनेही करावा' असं ठासून सांगितलेला.

*

१९३६ हे साल मला या सगळ्या गोष्टीचा मध्यबिंदू वाटतं.

त्या वर्षी बाळासाहेब लंडनला गेले आणि न्यूज क्रॉनिकल या वर्तमानपत्रात लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्या नमस्कारांवर लिहिलं. त्यातून १९३८ मध्ये तिकडे पुस्तक निघालं, तेही मुख्यतः घरातल्या बायकांना डोळ्यांसमोर ठेवून.

त्याच वर्षी आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी गेलं आणि कबड्डीसकट आपले खेळ आणि व्यायाम तिथे करून दाखवले. हे मंडळ म्हणजे १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी सुरू केलेला आखाडा. नुसते पैलवान घडवण्यावर न थांबता त्यांनी व्यायामशिक्षक घडवायला घेतलं, हे त्यांचं वेगळेपण. एक पैलवान एका गावाला पुरतो, एक शिक्षक शंभर मुलांना. इथे शिकलेली माणसं गावोगावच्या शाळांत गेली. विदर्भातल्या कित्येक पिढ्यांचे 'पी. टी.चे सर' कुठून आले याचं एक मोठं उत्तर अमरावती हे आहे.

त्याच वर्षी बडोद्याला दत्तात्रेय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांच्या व्यायाम ज्ञानकोशाचं काम छापून यायला लागलं. १९४९ पर्यंत दहा खंड. मराठीत! कुस्ती, मल्लखांब, लेझीम, लाठी, काय वाटेल ते त्यात आहे. बडोदं तेव्हा व्यायामाचं काशीच होतं. तिथल्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली शिकलेल्या जगन्नाथ गणेश गुणे या तरुणानं, म्हणजेच स्वामी कुवलयानंदांनी, १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं होतं. त्याच साली पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं आणि पुढच्या वर्षी दादरला समर्थ व्यायाम मंदिर उभं राहिलं.

आणि त्याच १९३६ मध्ये इथून जवळच, वर्ध्याला, लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती स्थापली. त्या संघटनेच्या विचारांबद्दल प्रत्येकाचं आपापलं मत असेल. पण मुलींनी मैदानात येऊन लाठी-काठी शिकणं, व्यायाम करणं ही गोष्ट मध्यमवर्गीय घरांत तेव्हा किती नवी होती ते लक्षात घ्या.

थोडक्यात, आखाड्यातली विद्या या काळात तीन वाटांनी बाहेर पडली. शाळेत गेली, पुस्तकात गेली, आणि घरात गेली. शाळेत गेली ती वेळापत्रकाच्या चौकटीत बसून, पी. टी.चा तास म्हणून. दहावीनंतर तो तास संपला की आपल्यापैकी बहुतेकांचा व्यायामही संपला.

गंमत म्हणजे आपली साधनं तोवर जग फिरून आली होती. मुद्गल इंग्रज फौजेनं उचलले, एकोणिसाव्या शतकात ते 'इंडियन क्लब्स' म्हणून युरोप-अमेरिकेत गेले, आणि १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये ते फिरवण्याच्या स्पर्धाही झाल्या. आता महागड्या जिममध्ये मुद्गल आणि मारुतीची गदा इंग्रजी नावं घेऊन परत आलेत. दंडाला म्हणे 'हिंदू पुशअप' म्हणतात.

*

शास्त्राची बाजू थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात थॉमस डीलॉर्म हा अमेरिकन लष्करी डॉक्टर शिकागोच्या रुग्णालयात जखमी सैनिकांचे पाय बरे करत होता. तोवर अशा रुग्णांना हलकं वजन पुष्कळ वेळा उचलायला लावत. यानं जड वजन कमी वेळा उचलायला लावलं, आणि जमेल तसं ते वाढवत नेलं. १९४५ मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं. १९४८ पर्यंत त्याची पद्धत तीन फेऱ्यांवर आली, प्रत्येकी दहा वेळा: पहिली फेरी पेलणाऱ्या वजनाच्या निम्म्यानं, दुसरी पाऊणपटीनं, तिसरी पूर्ण वजनानं. जिममधले तीन सेट आणि दहा रेप्स यांचा मोठा उगम हा. म्हणजे ती पद्धत आजाऱ्यांसाठी जन्मली, शरीर दाखवणाऱ्यांसाठी नव्हे!

मग १९५३ मध्ये लंडनच्या जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये जे सांगितलं त्यात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या: मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम वाढेल असं मध्यम श्रमाचं काही करावं, आणि आठवड्यातून निदान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचं काम द्यावं. पासष्टीपुढच्यांनी तोल आणि ताकद यांचा व्यायाम तीन दिवस करावा.

यातलं पहिलं वाक्य सगळ्यांच्या कानावर गेलंय. बेसाला पहाटे रस्त्यावर या, चालणारी माणसं दिसतील, त्यात बायका भरपूर. दुसरं वाक्य मात्र बायकांपर्यंत पोचलेलंच नाही. ताकद म्हटलं की त्यांना दंडाच्या बेटकुळ्या दिसतात आणि त्या हसून विषय सोडून देतात.

इथे तो मघाचा धागा. माझी आई पंचाहत्तरीच्या पुढची. तिच्या लहानपणी घरी जातं होतं, उखळ होतं, विहीर होती. तिच्या आईनं रोज दळलं, कांडलं, पाणी शेंदलं, जमिनीवर बसून स्वैपाक केला. उठणं-बसणं हे तिचं दिवसभराचं बैठकांचं खातं. ते कष्ट सुखाचे नव्हते, आणि ते गेले हे फार बरं झालं. गिरणीनं, नळानं, ओट्यानं बायकांची सुटका केली. पण त्या कष्टांत जी ताकद फुकट मिळत होती तिच्या जागी काहीच आलं नाही. पुरुषांचा आखाडा गेला तेव्हा लेख लिहिले गेले. बायकांचं जातं गेलं तेव्हा काय गेलं याची मोजदाद कुणी केली नाही. आज आई रोज अर्धा तास चालते, साखर आटोक्यात आहे, पण गणपतीच्या आरतीनंतर जमिनीवरून उठताना तिला दोघांचे हात लागतात. चालण्यानं ते काम होत नाही. त्याला बैठकच लागते.

म्हणून हा आराखडा मुख्यतः चाळिशीपुढच्या, आखाड्यात कधी न गेलेल्या माणसासाठी आहे. बेटकुळ्यांसाठी नाही. जमिनीवरून आपलं आपण उठता यावं यासाठी आहे.

*

सोमवार आणि गुरुवार, ताकदीचे दिवस. प्रत्येकी चाळीस मिनिटं. पाच कामं: बसून उठणं, ढकलणं, ओढणं, उचलणं, वाहून नेणं. बसून उठणं म्हणजे बैठक, पण सुरुवात खुर्चीवरून, हात न टेकता. ढकलणं म्हणजे जोर, आधी भिंतीवर हात टेकून, मग ओट्यावर, सगळ्यात शेवटी जमिनीवर. ओढण्यासाठी वाकून, पाठ सरळ ठेवून, भरलेली पिशवी कमरेपर्यंत खेचायची. उचलण्यासाठी तीच पिशवी जमिनीवरून गुडघे वाकवून उचलायची आणि ठेवायची. वाहण्यासाठी दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन गच्चीवर फेऱ्या. प्रत्येक काम आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या, महिन्याभरानं तीन.

मंगळवार, शुक्रवार, शनिवार, चालण्याचे दिवस. प्रत्येकी पन्नास मिनिटं, म्हणजे झाली दीडशे. बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगानं.

बुधवार हलका. वीस मिनिटं सावकाश सूर्यनमस्कार, आणि ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभं राहणं. वाकता येत नसेल त्यांनी खुर्ची धरून जमेल तेवढं.

रविवार खंडोबाचा. सुट्टी. सुट्टीच्या दिवशी पाप केल्यासारखं वाटून घ्यायचं नाही. ताकद वाढते ती विश्रांतीत. ताकदीच्या दोन दिवसांमध्ये मोकळे दिवस सोडलेत तेही त्याचसाठी.

घरात पासष्टीपुढचं कुणी असेल तर त्यांच्यासाठी शनिवारच्या चालण्यातली पंधरा मिनिटं कमी करून खुर्चीच्या बैठका घाला, तेवढा वेळ बुधवारी हळूहळू चालून भरून काढा, आणि एका पायावरचं उभं राहणं तिन्ही दिवस करा.

माप वाग्भटाचं. अजून दोन-तीन वेळा सहज जमलं असतं अशा ठिकाणी थांबायचं. तेवढं शिल्लक ठेवूनही ताकद वाढते, हे आजचे जाणकारही सांगतात. बारा वेळा सहज होऊ लागलं की पिशवीत थोडं वजन वाढवायचं. डीलॉर्मचं इतकंच घ्यायचं: हळूहळू, पण वाढवायचं. श्वास रोखायचा नाही, आजी ओवी म्हणत दळायच्या तेच सूत्र. एप्रिल, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा वजन वाढवायचं नाही, चालणं सूर्य उगवायच्या आत उरकायचं, आणि फेऱ्या कमी झाल्या तर ऋतू आहे म्हणून सोडून द्यायचं. हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा गुडघ्यांचा त्रास असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

आखाड्याच्या चार खांबांपैकी वेळ आणि माप या कागदावर आलं. जागा घरातली एक ठरवून ठेवा, रोज सतरंजी कुठे टाकायची हा प्रश्नच नको. चौथा खांब मात्र कुठल्याच कागदावर येत नाही. सँडोच्या कोष्टकात तो नव्हता, जिमच्या भिंतीवर नाही, मोबाइलमधल्या ॲपमध्येही नाही. मोबाइल वाजतो, पण आपण गेलो नाही तर त्याचं काही अडत नाही. म्हणून आपल्या स्कीममधली, शेजारच्या ले-आउटमधली, किंवा फोनवरची का होईना, एक व्यक्ती अशी ठरवा की जी सोमवारी आणि गुरुवारी विचारेल, "काय गं, आज झालं का?" बहिणीला मी हे काम देऊन टाकलं आहे. मोठ्या बहिणीला रागावणं तिला आयुष्यात पहिल्यांदाच अधिकृतपणे करायला मिळतंय, त्यामुळे ती चुकवत नाही.

असो. फार लांबलं. तुमच्या गावी आखाडा किंवा तालीम होती का, आता तिथे काय आहे? आणि तुमच्या आजीचं जातं कुठे आहे? आठवत असेल तर लिहा, मी जमा करते आहे.